नर सापडेपर्यंत

गुहेच्या तिसऱ्या दालनात, डाव्या भिंतीच्या पायथ्याशी, वीतभर उंचीवर एक फट आहे. करंगळी जेमतेम शिरेल एवढी. तिच्या तोंडाशी नखाएवढं जाळं, आणि जाळ्याखाली उलटा लटकलेला जेमतेम एक मिलिमीटरचा कोळी. तो मला आधी दिसलाच नाही. दिसली त्याची सावली. हेडलॅम्प डोक्यावरून काढून भिंतीला जवळजवळ टेकवला, उजेड तिरपा सोडला, आणि ओल्या चुनखडीवर लांबच लांब आठ पाय उमटले. त्या पायांचा माग काढत नजर कोळ्यापर्यंत पोचली. अंग इतकं फिकट, की सरळ उजेड टाकला असता तर मला मागचा दगडच दिसला असता.

गुहेतले कोळी असेच शोधायचे असतात. उजेड समोरून टाकायचा नाही, भिंतीला घासून टाकायचा. अंग लपतं, सावली लपत नाही.

मी कितीतरी वेळ पोटावर पडून बघत राहिले. खाली गार चिखल, कोपर सुन्न झालेलं. दोर सांभाळायला मागे थांबलेल्या दादांना माझा आवाज बराच वेळ आला नाही म्हणून ते सरपटत पुढे आले.

"ताई, सापडलं का काही?"

"सापडलंय. पण पिल्लू आहे."

"मग?"

त्या "मग?"चं उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. या आठवड्यात ते काम एका टप्प्यावर आलं, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. नवी जात सापडली की लोकांना वाटतं, गुहेत उतरलो, अनोळखी प्राणी दिसला, झाला शोध. गुहेत प्राणी दिसतो हे खरं. पण तो नवा आहे हे गुहेत कळत नाही, आणि कळलं असं वाटलं तरी त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

कारण कोळ्याची जात ठरते ती त्याच्या जननेंद्रियांवरून. रंग, आकार, पायांची लांबी यांवरून कूळ कळतं, कधी कधी प्रजातीपर्यंतही, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंतही पोचता येतं, पण नेमकी जात कळत नाही. नर कोळ्याच्या तोंडापाशी पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पेडिपाल्प म्हणतात. नर वयात आला की त्यांच्या टोकाशी एक फुगीर, गुंतागुंतीचा भाग तयार होतो. त्यात तो शुक्राणू भरून घेतो आणि मादीकडे पोचवतो. या भागाची वळणं, काटे, टोकाची नळी हे सगळं प्रत्येक जातीत वेगळं असतं. दोन कोळी शेजारी ठेवले आणि डोळ्यांनी तसूभरही फरक दिसला नाही, तरी पेडिपाल्प सांगतो की हे दोघे वेगळे. पण हा भाग शेवटची कात टाकल्यावरच तयार होतो. त्याआधी पिल्लू म्हणजे कोरी पाटी.

माझा कोळी टेलेमिडी कुळातला आहे एवढं मला पुढच्या खेपेला समजलं. अंगाने बारीक, सहा डोळे असलेलं किंवा मुळीच डोळे नसलेलं असं हे कूळ आहे. पोटाच्या पुढच्या बाजूला, कमरेच्या बरोबर वर, एक नागमोडी कडक रेघ असते. ती मायक्रोस्कोपखाली दिसली की शंका उरत नाही. या कुळात मादीच्या पोटाखाली बाहेरून दिसणारी ठळक चकतीही नसते, त्यामुळे वरवर बघून काही ठरवायची सोयच नाही. मला प्रौढ नर हवा होता.

हा अडथळा एकट्या माझ्या वाट्याला आला असं नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ शहराजवळ २०१२ साली महामार्गाचं काम चालू असताना जमिनीत सुमारे सहा फूट खोल एक पोकळी उघडी पडली. तिथे कामावर असलेल्या जीवशास्त्रज्ञाला तीत एक आंधळा कोळी दिसला. कोळ्यांचे अभ्यासक विलिस गर्ट्श यांनी १९९२ साली वर्णन केलेली सिक्युरिना वेनी ही जात २००० सालापासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित होती, आणि तीच ही असावी असा संशय आला. खात्री करायला त्या कोळ्याचं विच्छेदन करून जननेंद्रियं बघावी लागली. तीच जात निघाली, आणि सुमारे दीड कोटी डॉलरचं काम थांबलं. या गोष्टीत रस्ता थांबला त्याची चर्चा जास्त झाली. मला मात्र तो मायक्रोस्कोपपाशी बसलेला माणूस आठवतो. इतक्या दुर्मिळ प्राण्यावर सुरी चालवताना हात कसा स्थिर ठेवला असेल त्याने.

पहिल्या वर्षी आम्ही त्या गुहेत चार वेळा उतरलो. फटीशी दर खेपेला एक-दोन जाळी असायची आणि दर खेपेला पिल्लंच. दुसऱ्या खेपेला मी एकच पिल्लू उचललं, निव्वळ अल्कोहोलच्या कुपीत. त्याच्या पायातून डीएनए काढला, आणि जो क्रम आला तो तुलनेसाठी उपलब्ध असलेल्या कुठल्याच क्रमाशी जुळला नाही. हा वेगळा आहे, हे तेव्हा कळलं. पण वेगळा आहे हे कळणं निराळं आणि त्याचं वर्णन करता येणं निराळं. शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनात डीएनए नाही, चित्रं आहेत. माझा कोळी त्या चित्रांतल्या एखाद्याशी जुळतो का, हे बघायला मलाही चित्र काढता यायला हवं, आणि कोऱ्या पाटीचं चित्र काय काढणार?

मग आणखी पिल्लं का नाही उचलली, असं एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. बाहेरच्या कोळ्यांच्या हिशेबाने गुहेतला हिशेब करता येत नाही. हवाईच्या कौआई बेटावर लाव्हाच्या भुयारांत ॲडेलोकोसा अनॉप्स नावाचा कोळी राहतो; त्याचंही वर्णन गर्ट्श यांनीच केलं, १९७३ साली. लांडगा-कोळ्यांच्या कुळातला तो. हे कूळ ओळखायचं तेच मुळी मोठ्या डोळ्यांवरून, रात्री टॉर्च मारला तर गवतात त्यांचे डोळे हिऱ्यासारखे चमकतात. आणि या एका कोळ्याला डोळेच नाहीत. त्याची मादी एका वेळी पंधरा ते तीसच अंडी घालते, बाहेरचे तिचे भाऊबंद शंभरावर घालतात. अन्न थोडं, म्हणून अंडी थोडी पण मोठी, वाढ संथ, आयुष्य लांब. अशा ठिकाणी माणसाने उत्साहात कुप्या भरल्या तर एका दुपारीत पिढी रिकामी होऊ शकते. मोजायचं, टिपून ठेवायचं, आणि हात मागे घ्यायचा.

गुहेचं नाव मी इथे लिहीत नाही, जिल्हा नाही, फोटोही टाकत नाही, ते याच कारणाने.

कात टाकून मोठे झालेले कोळी मग जातात तरी कुठे? पहिली दोन वर्षं मला वाटायचं की मीच नीट बघत नाहीये. भिंती पुन्हा पुन्हा धुंडाळल्या, दगड उलटे केले आणि जसेच्या तसे परत ठेवले. हळूहळू लक्षात आलं की माझा प्रश्नच चुकतो आहे. आपण ज्याला गुहा म्हणतो ती म्हणजे माणूस शिरू शकेल एवढं भोक. कोळ्याला त्या मापाशी काय देणंघेणं? फ्रेंच संशोधक ख्रिस्तियाँ ज्युबर्ती यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिलं, की डोंगरउतारावरच्या मातीखाली, फुटक्या दगडांच्या मधल्या पोकळ्यांतही गुहेतलेच प्राणी राहतात, जिथे माणसाला शिरता येईल अशी गुहाच नाही तिथेही. खरं घर म्हणजे ती फटींची जाळी. दालन ही त्या घराची खिडकी, आणि आम्ही बाहेर उभं राहून खिडकीत कोण येतं याची वाट बघणारे. मोठे आत, ओलाव्यात. खिडकीशी येतात ती पिल्लं. हे ध्यानात आल्यावर मी भिंती धुंडाळणं थांबवलं आणि त्या एका फटीसमोर बसायला सुरुवात केली.

बसून बघितलं की बऱ्याच गोष्टी दिसतात. या कोळ्याच्या पायांवर लांब, अगदी तलम केस आहेत, आणि हवा जराशी हलली तरी ते थरथरतात. एकदा माझा श्वास त्याच्या दिशेने गेला. कोळी जागचा हलला नाही, पण पुढचे दोन्ही पाय अलगद वर उचलले गेले आणि तसेच थांबले, जणू कानोसा घेत होता. मी तोंड बाजूला वळवलं. मिनिटाभराने पाय खाली आले. डोळ्यांच्या जागी काही नाही, ठिपकासुद्धा नाही, आणि तरी मी आहे हे त्याला कळलं होतं.

डोळे जातात ते एका झटक्यात नाही. जर्मनीचे पीटर येगर यांनी २०१२ साली लाओसमधल्या सिनोपोडा प्रजातीच्या नऊ नव्या जातींचं वर्णन केलं. त्यांतल्या गुहेत राहणाऱ्या जातींमध्ये डोळे कमी होण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या दिसतात, आणि सिनोपोडा स्क्युरियन या जातीत एकही डोळा नाही. तिचं नाव ठेवलं आहे हेडलॅम्प बनवणाऱ्या एका कंपनीवरून. तो दिवा नसता तर माणसाला ती दिसलीच नसती, आणि तिला स्वतःला त्या दिव्याचा पत्ताही नाही. मला हे नाव फार आवडतं.

दर वेळी आंधळा, फिकट प्राणीच गुहेत असतो असंही नाही, आणि इथे नवख्या माणसाची गल्लत होते. युरोपात मेटा मेनार्डी नावाचा मोठा, तपकिरी कोळी गुहांच्या तोंडाजवळ सर्रास सापडतो. त्याचे डोळे शाबूत असतात. छताला थेंबासारखी पांढरी अंड्यांची पिशवी टांगलेली दिसते ती त्याचीच. मोठे कोळी उजेड टाळतात, पण अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं उजेडाकडे ओढ घेतात, गुहेबाहेर पडतात आणि पांगतात. एकाच प्राण्याची एका वयात उजेडाकडे धाव आणि पुढच्या वयात अंधाराकडे. अल्बानिया आणि ग्रीसच्या सीमेवरच्या गंधकाच्या गुहेत शंभर चौरस मीटरहून मोठं एकसलग जाळं सापडल्याची बातमी २०२५ मध्ये सगळीकडे फिरली. त्यात अंदाजे एक लाख अकरा हजार कोळी होते. पण ते दोनच जातींचे, आणि दोन्ही जाती आधीपासून माहीत असलेल्या, त्यांतली एक तर घराच्या कोपऱ्यात जाळं विणणारी. म्हणून गुहेत दिसला म्हणजे गुहेचाच, असं धरून चालू नये.

आपल्याकडे या कामाची सुरुवात जुनी आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांमधली सिजू गुहा स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा यांनी १९२२ साली पद्धतशीर पिंजून काढली, पाण्यापासून छतापर्यंत जे जे जिवंत ते टिपलं. तिथल्या कोळ्यांवरचा लुई फाज यांचा लेख १९२४ साली प्रसिद्ध झाला. कार्बाइडचे दिवे, ओले दोर, काचेच्या बाटल्या, आणि त्या सामानानिशी केलेल्या नोंदी इतक्या नेटक्या की आजही तुलनेसाठी उघडाव्या लागतात. माझ्या कोळ्याच्या बाबतीतही असे जुने लेख ओळीने काढून वाचावे लागले.

तिसऱ्या वर्षी, पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या खेपेला, फटीशी एक वेगळं पिल्लू दिसलं. भिंग लावलं आणि हात थरथरला. पेडिपाल्पची टोकं फुगलेली होती, गुळगुळीत, बिनआकाराची, कोवळ्या कळीसारखी. म्हणजे हा नर होता आणि शेवटच्या कातेच्या अलीकडे उभा होता. याला मारायचं नाही, वाढवायचं.

छोट्या काचेच्या डबीत तळाला प्लास्टर ऑफ पॅरिस आणि कोळशाची पूड ओतून गुहेतल्या जीवांसाठी बिछाना करतात. प्लास्टर पाणी धरून ठेवतं, कोळशामुळे बुरशी कमी होते. त्यावर त्याच गुहेतला एक खडा ठेवला. डबी थर्मासच्या पेटीत, पेटी पाठीवर, आणि बाहेर आल्यावर थेट अंधाऱ्या, गार कपाटात. खायला स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारके जीव. अकराव्या दिवशी सकाळी बघते तर कोळी मेलेला. झाकण एका बाजूला केसभर उचललेलं राहिलं होतं आणि प्लास्टर वाळलं होतं. गुहेत हवा जवळपास पूर्ण दमट असते. हे प्राणी इतके पातळ कातडीचे की ओलावा थोडासा जरी कमी झाला तरी अंगातलं पाणी उडून जातं. चूक सर्वस्वी माझी. त्या दिवशी मी कोणाशीच बोलले नाही. दोन वर्षांत मिळालेला एकमेव नर, आणि तो एका झाकणापायी गेला.

त्याला मी अल्कोहोलमध्ये ठेवलं. कातेच्या आधीचा नर म्हणून त्याचीही नोंद हवी.

दादांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, फट तिथेच आहे ना अजून?"

फट तिथेच होती. आम्ही त्यानंतर तीन वेळा गेलो. दर खेपेआधी बूट, दोर, कपडे धुऊन, जंतुनाशकात बुडवून, वाळवून घ्यायचे. यात आम्ही कधी सवलत घेत नाही. उत्तर अमेरिकेत २००६ पासून वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येऊन लाखो वटवाघळं मेली, आणि एका गुहेतली बुरशी माणसाच्या चिखलट बुटांवरून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते. वटवाघळं गेली तर त्यांची विष्ठा गेली, आणि विष्ठेवर जगणारं सगळं गोकुळ गेलं. माझा कोळी त्याच साखळीच्या शेवटच्या कडीला लटकला आहे.

तिसऱ्या खेपेला दुसरा नर मिळाला. तशीच फुगलेली टोकं. या वेळी डबीला दुहेरी झाकण, बाहेर ओल्या स्पंजची आणखी एक डबी, आणि कपाटाला चिठ्ठी: उघडू नये. मी रोज एकदाच, मंद लाल उजेडात, काचेतून बघायची. आठवडे गेले. स्प्रिंगटेल खाणं त्याने मध्येच सोडलं तेव्हा माझी झोप उडाली, पण कात टाकण्याआधी कोळी खाणं सोडतात हे मला माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी तग धरला.

४७व्या दिवशी रात्री तो जाळ्याला उलटा टांगून स्वस्थ झाला. पाठीवरची ढाल कडेने उकलली आणि डबीच्या झाकणासारखी वर उचलली गेली. मग आतून पाय निघू लागले, हातमोज्यातून बोटं काढावीत तसे, पण आठही एकदम, थोडे थोडे, मध्ये दम खात. एक पाय अडकला. मी खुर्चीच्या कडेवर पुढे झुकले, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं. तोही सुटला. शेवटी सगळा कोळी एका धाग्यावर खाली लोंबकळला, दुधी, ओला, पाय ढिले सोडलेले. वर त्याची रिकामी कात, पायांच्या टोकांपर्यंत शाबूत, पारदर्शक. आणि पेडिपाल्पच्या टोकाशी कळीच्या जागी आता आकार होता. सकाळपर्यंत तो पिवळसर, दुपारपर्यंत मधासारखा तपकिरी झाला.

त्यानंतर मी त्याला आणखी नऊ दिवस जगू दिलं, कातडी पूर्ण कडक व्हावी म्हणून. शास्त्राला तेवढं लागतं. मलाही तेवढं लागलं.

डावा पेडिपाल्प वेगळा करून काढायचा अशी आमच्यात रीत आहे, म्हणजे जगभरची चित्रं एकमेकांशी ताडून बघता येतात. तो लवंगेच्या तेलात ठेवला की हळूहळू पारदर्शक होतो आणि आतली शुक्राणूंची नळी दिसू लागते. त्या नळीचं वळण मी दोन दिवस काढत होते. पहिल्या दिवशी एक वेटोळं काढलं, दुसऱ्या दिवशी फिरवून बघितलं तर दीड होतं. मग एकेक जुनं चित्र समोर घेऊन बसले. बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडे जगातल्या सगळ्या कोळ्यांची यादी आहे. एप्रिल २०२२ मध्ये तिने ५०,००० जातींचा टप्पा ओलांडला. त्यातलं टेलेमिडी कूळ छोटं, म्हणून माझं काम महिन्यांत आटोपलं, वर्षांत नाही. टोकाची नळी अशी वळलेली, मधोमध असा काटा, असं कुणाचंच नव्हतं. एका चित्राने मला चार दिवस अडवलं, कारण ते एकाच बाजूने काढलेलं होतं. मूळ नमुना ज्या संग्रहालयात होता तिथून फोटो मागवले, ते आले, आणि काटा नव्हता. तो मेल मी तीनदा वाचला. माझ्या लेखी शोध लागला तो या क्षणी, खिडकीतून भरदुपारचं ऊन टेबलावर आलेलं असताना, अंधारापासून फार दूर.

नाव ठरलं आहे. इथे लिहीत नाही. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नाव रीतसर प्रकाशित झाल्यावरच जन्माला येतं. ऑनलाइन अंकात छापायचं तर २०१२ पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदही करावी लागते. आधीच उघड फिरलेलं नाव नंतर गोंधळ माजवतं. जाता जाता एक सांगते, प्राण्यांची नावं धरायची सुरुवात स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून होते, अपवाद फक्त कोळ्यांचा. कार्ल क्लर्क यांनी १७५७ मध्ये छापलेल्या स्वीडनच्या कोळ्यांवरच्या पुस्तकातली नावं ग्राह्य धरतात. कोळ्यांच्या माणसांना याचा अभिमान असतो, मलाही आहे.

नवी जात जाहीर करताना एक नमुना मुख्य म्हणून नेमावा लागतो, होलोटाइप. पुढे कधीही कुणाला शंका आली तर त्याच्यापाशी यायचं. काही वेळा तो नमुना म्हणजे सांगाडाच असतो. इस्रायलमधल्या अय्यालोन गुहेला बाहेर उघडणारं तोंडच नव्हतं. २००६ मध्ये खाणकामात ती उघडली, आणि आत एका विंचवाच्या नुसत्या पोकळ काती आणि अवशेष मिळाले. डोळे अजिबात नाहीत. गेर्शोम लेव्ही यांनी २००७ मध्ये त्याला अक्राव इस्राखानानी हे नाव दिलं. जिवंत विंचू कुणालाच दिसला नाही. त्या लेखाची पानं उलटताना माझ्या घशाशी येतं. नाव मिळालं, पण हाक मारायला कुणी उरलं आहे का ते माहीत नाही. उलट मेक्सिकोतल्या वाउत्ला गुहांमध्ये अलाक्रान टार्टारस हा विंचू ७२० ते ९१६ मीटर खोलीवर जिवंत चालताना सापडला आहे. जमिनीखाली एवढ्या खोलवर दुसरा विंचू कुणाला भेटलेला नाही.

माझा नर आता एका छोट्या कुपीत आहे, डावा पेडिपाल्प त्याहून छोट्या कुपीत, दोन्ही एका मोठ्या कुपीत. आत कागदाची चिठ्ठी, अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने लिहिलेली: तारीख, दालन, भिंत, उंची, कुणी पकडला. चिठ्ठी बाहेर चिकटवायची नाही, आत टाकायची. बाहेरची गळून पडते. पकडणाऱ्याच्या नावात मी दादांचं नाव आधी लिहिलं. नर त्यांनाच दिसला होता, मी त्या वेळी दुसऱ्या बाजूला पाणी मोजत होते.

लेख परीक्षकांकडे गेला आहे. वर्णनात आधी नराची दोन पानं आहेत: मापं, पाय, केस, पेडिपाल्प, नळीचं दीड वेटोळं. त्याखाली पद्धतीप्रमाणे मादीचं कलम येतं. तिथे मी दोनच शब्द लिहिले आहेत: मादी अज्ञात.

काल दादांना ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पुढची खेप कधीची धरायची. पाणी ओसरलं की, म्हटलं. त्यांनी दोर धुवायला काढला आहे.